अर्धी अभिक्रिया

माझगावची रात्रशाळा, अकरावी विज्ञान,
पावणेआठचा तास.
फळ्याच्या मधोमध मी उभी रेघ मारते.
डावीकडे ऑक्सिडीकरण, उजवीकडे क्षपण.
म्हणते, आता हे समीकरण फाडायचं.
म्हणजे काय बाई?
म्हणजे कुणी दिलं ते इकडे, कुणी घेतलं ते तिकडे.
घडतं एकाच क्षणी, पण
लिहिताना एका वेळी एकाचंच ऐकायचं.

जस्त, बाण, जस्त दोन धन,
अधिक दोन इलेक्ट्रॉन.
बाणाच्या पुढे इलेक्ट्रॉन, म्हणजे गेले.
तांबं दोन धन, अधिक दोन इलेक्ट्रॉन, बाण, तांबं.
बाणाच्या मागे, म्हणजे आले.
खडू मोडतो. पंखा फिरतो, वारा लागत नाही.

वैजयंती घाग दिवसभर पतपेढीत खतावणी लिहिते.
हात वर न करताच विचारते,
"तांब्याला मिळालं ना, बाई? मग क्षपण का?
क्षपण म्हणजे घटणं.
मिळाल्यावर कोण घटतं?"

अकरा वर्षं शिकवतेय, उत्तर पाठ आहे:
इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार असतो, म्हणून
आणि ऋण म्हणताना पहिल्यांदाच
तो शब्द मला ऐकू येतो.
तिला माझ्या आधी आलेला.
"म्हणजे मिळालं ते कर्जच.
आणि जस्तानं आपलं ऋण दुसऱ्याच्या खात्यावर टाकलं,
म्हणून ते धन झालं."
मागचा बाक हसतो.
ती हसत नाही, वहीत उतरवून घेते.
मी म्हणते, हो. साधारण तसंच.

झुबेर मुकादम भाऊच्या धक्क्यावर, लाँचच्या इंजिनावर असतो.
वय चौतीस, नखांत ग्रीस,
बहुतेक तासांना डुलकी.
आज तो उठतो, डब्याच्या पिशवीतून
कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून
माझ्या टेबलावर ठेवतो. आवाज होत नाही, इतकं ते हलकं झालंय.

"झिंक आहे बाई. लाँचच्या बुडाला ठोकतात, पंख्याजवळ.
बसवलं तेव्हा विटेएवढं होतं.
फोरमन म्हणतो, समुद्राला काहीतरी खायला लागतंच,
लोखंडाच्या आधी हे पुढे करायचं."
उंदरानं कुरतडलेल्या साबणासारखं,
भोकंच भोकं, पांढरी भुकटी सुटणारं, खाऱ्या वासाचं.
मग वैजयंतीकडे वळून,
"धन झालं म्हणतेस, ते हे."

मी उजवीकडचं तांबं पुसते.
समुद्रात घेणारा कोण? कुणी सांगतं मीठ, कुणी लोखंड.
लोखंड नाही. ते नुसती वाट देतं.
पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन.
ऑक्सिजन, दोन पाणी, चार इलेक्ट्रॉन,
बाण, चार हायड्रॉक्साइड.
"चार?" वैजयंती. "जस्त तर दोनच देतं."
मग जस्ताला दोननं गुणा.
अख्ख्या ओळीला गुणायचं, नुसत्या इलेक्ट्रॉनला नाही,
इथे दर वर्षी निम्मा वर्ग चुकतो.

चार इकडे, चार तिकडे. बेरीज करताना
दोन्हीकडचे खोडायचे.
पुऱ्या समीकरणात इलेक्ट्रॉन दिसत नाही,
दिसला तर चुकलं समजा.
झुबेर खोडलेल्या चारांकडे बघत राहतो.
"पण सगळं यांनीच केलं ना, बाई?"

पुढच्या तासाची घंटा.
जिना उतरता उतरता तो ओरडतो, ठेवा तुम्हालाच,
उद्या नवं बसवणार आहोत.
हजेरीपटावर पांढरी भुकटी सांडलीय,
नेमकी त्याच्या ओळीवर:
सतरा तास, त्यात सहा.
झटकायला हात नेते,
मग तशीच राहू देते, आणि
आजच्या रकान्यात
भुकटीवरूनच 'ह' लिहिते.
पेन जरा अडखळतं.